वाचकांचे प्रश्न: बेस गिटारची प्रीअँप पेडले आणि आवाजाची घडण

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे बेस गिटारच्या प्रीअँप पेडलांविषयी (अँप्लिफायरच्या आधी आवाज घडवणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या पेट्यांविषयी) होती, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि लांबलेली पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: मी एका हिंदी-मराठी गाण्यांच्या वाद्यवृंदात बेस वाजवतो. माझा बेस फेंडरच्या प्रिसिजन बेसच्या धर्तीचा, बॅटरी नसलेला आहे. सॅन्सअँप बेस ड्रायव्हर, अग्विलार टोन हॅमर आणि डार्कग्लास बी७के अल्ट्रा या तिन्हींची प्रात्यक्षिके मी ऐकली आणि प्रत्येक वेळी तेच पेडल उत्तम वाटले. तिन्हींवर बेस आणि ट्रेबलचे नॉब आहेतच, मिडचेही (मधल्या पट्ट्याचे) कमी-अधिक आहेत. मग आवाजाच्या घडणीत फरक नेमका कोठे पडतो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नॉबवरची नावे तीच असली, तरी त्या नावांवरून पेडलाविषयी फारसे काही कळत नाही. पेडल ओळखायचे असेल, तर सगळे नॉब मध्यावर आणावेत, गेन (पेडलात शिरणारा आवाज किती उचलायचा हे ठरवणारा नॉब) कमीत कमी ठेवावा आणि पेडल चालू-बंद करून ऐकावे. नॉबला हात न लावता केवळ पेडल चालू केल्याने आवाजात जे बदलते, तो त्या पेडलाचा मूळ स्वभाव असतो, आणि आपण निवडलेल्या तिन्हींमधला मोठा फरक तेथेच आहे. नॉब कोणत्या फ्रिक्वेन्सीवर काम करतात, हा त्यानंतरचा मुद्दा. गेन वाढवल्यावर आवाज कसा फाटतो, हा तिसरा.

सॅन्सअँप बेस ड्रायव्हर हे न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या टेक ट्वेंटीवन या कंपनीचे पेडल. व्हॉल्व्हवर चालणारा अँप्लिफायर आणि त्याचा स्पीकर यांचा एकत्रित आवाज, ही दोन्ही अवजड उपकरणे जवळ नसतानाही, थेट मिक्सरपर्यंत पोचवावा, या हेतूने ते घडवले गेले. त्यामुळे नॉब मध्यावर असले तरी त्याचा आवाज सपाट राहत नाही. खर्ज उचलला जातो, वरची धार उचलली जाते, मधला पट्टा खाली बसतो आणि स्पीकरमधून कधीच न येणारी अगदी वरची किरकिर कापली जाते. जुन्या आवृत्तीत मिडचा नॉबच नव्हता. दुसऱ्या आवृत्तीत तो आला आणि त्यासोबत मिडसाठी ५०० की १००० हर्ट्झ आणि खर्जासाठी ४० की ८० हर्ट्झ हे निवडण्याच्या कळाही आल्या. या पेडलावरचा सर्वांत महत्त्वाचा नॉब मात्र ब्लेंडचा आहे, असे माझे मत आहे. तो शून्यावर नेला की अँप्लिफायरची नक्कल करणारे सर्किट पूर्णपणे बाजूला होते, ड्राइव्ह (आवाज फाडणारा) आणि प्रेझेन्स (वरची धार वाढवणारा) हे नॉब निरुपयोगी ठरतात, पण बेस आणि ट्रेबल काम करत राहतात. म्हणजेच या पेडलाचा स्वभाव किती प्रमाणात घ्यायचा, हे ब्लेंडने ठरवता येते. प्रात्यक्षिके दाखवणारे बहुतेक जण तो पूर्ण उजवीकडे ठेवतात आणि ऐकणाऱ्याचा असा समज होतो की या पेडलाचा आवाज एकच आहे.

टोन हॅमर हेही न्यूयॉर्कचेच, पण त्यामागचा विचार वेगळा आहे. अग्विलार कंपनी बेसच्या आत बसवण्याचे प्रीअँप बनवते आणि हे पेडल त्याच घराण्यातले आहे. नॉब मध्यावर ठेवले तर वाद्याचा मूळ आवाज बराचसा तसाच राहतो. खर्जाचा नॉब ४० हर्ट्झवर आणि ट्रेबलचा ४ किलोहर्ट्झवर बेतलेला आहे. मिडला दोन नॉब आहेत: एकाने किती वाढवायचे किंवा कमी करायचे हे ठरते, दुसऱ्याने १८० ते १००० हर्ट्झच्या दरम्यान कोठे, हे ठरते. हा दुसरा नॉब हातात आला की बेसच्या आवाजाचे शरीरशास्त्र काही मिनिटांत समजते. मिड वाढवून ठेवावा, जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी संथपणे वाजवत राहावा आणि फ्रिक्वेन्सीचा नॉब डावीकडून उजवीकडे सावकाश न्यावा. दोनशेच्या आसपास स्वर फुगतो, भरदार होतो, पण त्याच्या कडा बोथट होतात. चारशे-पाचशेच्या जवळ लाकडाचा ठणठणीत नाद येतो आणि स्वर कोणता आहे हे स्पष्ट कळू लागते. आठशेच्या पुढे आवाज नाकातून आल्यासारखा होतो आणि बोट तारेवरून सुटतानाचा आघात वेगळा ऐकू येतो. एकाच स्वराची ही तिन्ही रूपे वाद्याला हात न लावता मिळतात. या पेडलावर एजीएस नावाची आणखी एक कळ आहे; ती दाबली की गेन वाढतो, आवाज जुन्या धाटणीचा, थोडा मळकट आणि वरून मऊ होतो.

डार्कग्लास ही हेलसिंकीची, २००९ साली सुरू झालेली कंपनी. तिची ओळख फाटलेल्या आवाजामुळे आहे, आणि ती रास्तही आहे. तरी बी७के अल्ट्राचा इक्वलायझर (निरनिराळे पट्टे कमी-जास्त करणारा भाग) स्वतंत्रपणे विचारात घेण्यासारखा आहे. त्यात मिडचे दोन पट्टे असून खालचा पट्टा २५०, ५०० किंवा १००० हर्ट्झवर आणि वरचा ७५०, १५०० किंवा ३००० हर्ट्झवर बसवता येतो. शिवाय विकृतीचे, म्हणजे आवाज फाडणारे, सर्किट पायाने वेगळे बंद करता येत असल्याने स्वच्छ आवाजाचा इक्वलायझर म्हणूनही हे पेडल वापरता येते. त्याचा कल मात्र वरच्या मिडकडे, तारेच्या धातूच्या नादाकडे आणि पिकच्या आघाताकडे आहे.

आपल्या कामासाठी मी टोन हॅमर निवडेन. प्रिसिजनच्या पिकअपला (तारांचे कंपन टिपणाऱ्या चुंबकीय भागाला) स्वतःचाच एक भरीव मधला आवाज असतो. आपल्या कार्यक्रमात एका गाण्याला जुन्या हिंदी चित्रपटगीतांसारखा गोलाकार, आखूड बेस लागतो आणि दुसऱ्या गाण्याला ठेक्यावर उठून दिसणारा, त्यामुळे तो मधला भाग न बिघडवता हलवता येणे ही आपली मुख्य गरज आहे. मंचावर बेसचा अँप्लिफायर मिळतच नसेल आणि बेसची केबल थेट मिक्सरमध्ये जात असेल, तर सॅन्सअँप घ्यावे आणि ब्लेंड अर्ध्याच्या वर फारसा नेऊ नये. डार्कग्लासचा जो खरा गुण आहे, त्याला आपल्या गाण्यांत फारशी जागा नाही.

प्रश्न: आमचा कॉलेजचा रॉक बँड आहे. माझ्याकडे फेंडरच्या जॅझ बेसच्या पद्धतीचा, दोन पिकअपचा बेस आणि एमएक्सआर एम८० पेडल आहे. खोलीत एकट्याने वाजवताना आवाज भरदार आणि झगझगीत येतो, पण दोन गिटार आणि ड्रम्स सुरू झाले की मी वाजवतो आहे हे मलाच कळत नाही. आवाज वाढवला तर नुसती धडधड वाढते. पेडल बदलावे का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर: पेडल बदलू नये. त्यावरची कलर नावाची कळ आपण दाबून ठेवत असाल, असा माझा दाट संशय आहे. ती कळ मधला पट्टा खाली बसवते आणि दोन्ही टोके उचलून धरते. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडे ठेवले, की त्यांच्या परस्परांना छेद देण्यामुळे मधला काही भाग आधीच पातळ झालेला असतो. त्या खळग्यावर आपण दुसरा खळगा खणला आहे.

एकट्याने वाजवताना हे सुंदर का वाटते, यामागे कारण आहे. माणसाच्या कानाला कमी आवाजात खर्ज आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. खोलीत हळू वाजवताना खर्ज आणि ट्रेबल वाढवले की ती उणीव भरून निघते आणि आवाज परिपूर्ण वाटतो. मंचावर आवाज मोठा असतो, तेथे ती भरपाई लागतच नाही. उलट वाढवलेला खर्ज बेस ड्रमच्या अंगावर जातो आणि वाढवलेला ट्रेबल झांजांमध्ये विरतो. मध्ये उरतात दोन गिटार, आणि बेसची ओळख पटवणारा भाग नेमका त्यांच्याच शेजारी असतो.

बेसच्या जाड तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा आहे. पण कान तो स्वर ओळखतो तो बराचसा त्याच्या ८२, १२४, १६५ अशा पटींतल्या उपस्वरांवरून, आणि वाजवण्याची ढब कळते ती त्याहूनही वर, साधारण ४०० ते १००० हर्ट्झच्या दरम्यान. मोबाईलच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ अजिबात येत नाही, तरी गाण्यातला बेस कोणत्या स्वरावर आहे हे आपल्याला कळते, ते या उपस्वरांमुळेच. म्हणून कलरची कळ बंद करावी, मिड मध्याच्या थोडा पुढे न्यावा आणि बेसचा नॉब मध्याच्या थोडा मागे घ्यावा. पुलाजवळच्या पिकअपचा आवाज थोडा कमी करून पाहावा. दोन्ही पिकअप समान असताना पडणारा खळगा त्याने बुजतो. हे करून खोलीत वाजवले तर आवाज खडबडीत आणि थोडा कुरूप वाटेल. वाटू द्यावा, त्याची परीक्षा सरावाच्या खोलीत, सगळ्यांसोबतच घ्यावी.

नावांवर विसंबू नये याचे माझे आवडते उदाहरण अँप्लिफायर बनवणाऱ्या अँपेगचे आहे. अँपेगचा एसव्हीटी हा ३०० वॅटचा अँप्लिफायर १९६९ साली आला आणि आठ स्पीकरच्या उंच कॅबिनेटसह तो रॉक संगीताच्या मंचावरचा जणू मापदंड झाला. त्या घराण्यातल्या अनेक अँप्लिफायरांवर अल्ट्रा लो नावाची कळ असते. नाव वाचून वाटते की ती खर्ज वाढवत असेल. एसव्हीटी-सीएलच्या बाबतीत ती ४० हर्ट्झजवळ जेमतेम २ डेसिबल वाढवते आणि ५०० हर्ट्झजवळ तब्बल १० डेसिबल कापते. खर्ज वाढल्यासारखा वाटतो, तो मधला आवाज गेल्यामुळे. अँपेगच्या एससीआर-डीआय या पेडलावरही याच नावाची कळ आहे. ती दाबण्याआधी बँडमध्ये किती गिटार आहेत ते मोजावे.

ढोलकी किंवा तबल्यासोबत बेस वाजवणाऱ्या दोन वाचकांनीही बेस ऐकू येत नसल्याची तक्रार कळवली आहे. त्यांनाही हेच उत्तर लागू आहे. फरक इतकाच, की डग्ग्याचा आणि ढोलकीच्या धुमाचा घुमार बेसच्या खालच्या स्वरांतच मिसळतो, त्यामुळे तेथे खर्ज आणखी आवरता घ्यावा लागतो.

प्रश्न: दोन पेडलांची तुलना घरी प्रामाणिकपणे कशी करावी? दुकानात दहा मिनिटे वाजवून काहीच ठरवता येत नाही.
– एक वाचक, पनवेल

उत्तर: तुलनेतली सर्वांत मोठी फसवणूक आवाजाच्या पातळीची असते. दोन पेडलांपैकी जे किंचित मोठ्याने वाजते, ते अधिक भरदार, अधिक जिवंत आणि अधिक महाग वाटते. एक-दोन डेसिबलचा फरक ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही, तो ‘चांगला आवाज’ म्हणून जाणवतो. पेडल चालू करताच आवाज सुधारला असे वाटले, तर आधी व्हॉल्यूम बंद पेडलाइतका खाली आणावा आणि मग पुन्हा ऐकावे. बऱ्याचदा सुधारणा नाहीशी होते.

घरी ऑडिओ इंटरफेस (वाद्य संगणकाला जोडणारे उपकरण) असेल तर काम सोपे आहे. एकच ओळ, तीत खालचे स्वर, वरचे स्वर, लांब स्वर आणि आखूड स्वर असे सगळे असावे, पेडलाविना थेट रेकॉर्ड करून घ्यावी. मग इंटरफेसच्या आउटपुटमधून ती प्रत्येक पेडलात पाठवून पुन्हा रेकॉर्ड करावी. दर वेळी हाताने वाजवले तर आपण नकळत पेडलाला साजेसे वाजवू लागतो; चांगला वादक तर हे अधिकच करतो. इंटरफेसचे आउटपुट वाद्यापेक्षा जोरकस असते, म्हणून ते इतके खाली आणावे की पेडल तितकेच फाटेल जितके बेस थेट जोडल्यावर फाटते. यासाठी रीअँप बॉक्स नावाची छोटी पेटी मिळते, ती असल्यास उत्तम.

पातळी जुळवताना एकाच स्वरावर जुळवू नये. खुल्या जाड तारेवर जुळवले तर खर्ज उचलणारे पेडल उगाच जास्त खाली आणले जाईल आणि पुढे सगळ्या ओळीत ते दुबळे ठरेल. संपूर्ण ओळीची सरासरी श्राव्य पातळी जुळवावी. हल्लीच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये एलयूएफएस या एककात ती मोजणारे मीटर बहुधा असतेच.

त्यानंतर ती रेकॉर्डिंगे ड्रम्स आणि गिटार असलेल्या कोणत्याही ट्रॅकखाली ठेवावीत आणि दुसऱ्या कोणाला तरी त्यांची अदलाबदल करायला सांगावे. कोणते पेडल वाजते आहे ते न बघता निवड करावी. आधी सर्व नॉब मध्यावर ठेवून, मग प्रत्येक पेडल आपल्या परीने उत्तम लावून, अशा दोन फेऱ्या कराव्यात. पहिली फेरी स्वभाव सांगते, दुसरी फेरी आवाका. पहिल्या फेरीत न आवडलेले पेडल दुसऱ्या फेरीत आवडले तरी सावध राहावे, कारण तसे पेडल प्रत्येक कार्यक्रमात आधी दुरुस्त करावे लागते आणि मगच वाजवता येते, आणि कार्यक्रमाआधी तेवढा वेळ आपल्याकडे कधी मिळतो?

रेकॉर्ड करून पाठवण्याच्या या पद्धतीत एक उणीव आहे. बॅटरी नसलेल्या बेसचे पिकअप ज्या इनपुटला जोडले जातात, त्याच्या इम्पीडन्सचा (विद्युत सिग्नलला होणाऱ्या विरोधाचा) त्यांच्या वरच्या स्वरांवर परिणाम होतो. इम्पीडन्स कमी असेल तर झळाळी मावळते. रेकॉर्डिंगमधून पाठवताना हा फरक लपतो, म्हणून शेवटची परीक्षा बेस थेट जोडूनच घ्यावी.

प्रश्न: मी गिटारचे डिस्टॉर्शन पेडल बेसला लावले तर आवाज पातळ होतो. डार्कग्लासमध्ये तसे का होत नाही?
– एक वाचक, मडगाव

उत्तर: गिटारसाठीच्या बऱ्याच पेडलांत आवाज फाटण्याआधीच खर्ज कापलेला असतो. गिटारच्या दृष्टीने ते योग्यच आहे, कारण तिची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची आहे आणि खर्ज न कापता फाडले तर आवाज घोगरा होतो. बेसचा पायाच त्या खाली आहे, म्हणून तो नाहीसा होतो.

डार्कग्लासच्या पेडलात दोन उपाय आहेत. ग्रंट नावाची कळ किती खर्ज विकृतीच्या सर्किटात शिरू द्यायचा हे ठरवते, आणि अटॅक नावाची कळ वरच्या स्वरांच्या बाबतीत तेच काम करते. म्हणजे घडण फाटण्याआधीच होते. आवाज फाटल्यानंतर इक्वलायझर फिरवून हा परिणाम मिळत नाही, कारण तोवर कोणत्या स्वरातून कोणते नवे उपस्वर निर्माण व्हायचे ते ठरून गेलेले असते. दुसरा उपाय ब्लेंडचा: स्वच्छ आवाज सोबत वाहत राहतो, पाया तो सांभाळतो, आणि फाटलेला आवाज फक्त वरची खरखर पुरवतो. दाट गिटारांच्या बँडमध्ये ग्रंट कमीत कमी आणि ब्लेंड साठ-सत्तर टक्के ही सुरुवात बहुतेकांना मानवते. तीन जणांच्या बँडमध्ये, जेथे एकट्या गिटारच्या मागची पोकळी भरायची असते, ग्रंट वर न्यावा.

आपले गिटारचे पेडल टाकून देऊ नये. स्वच्छ आवाज समांतर ठेवणारे स्वतंत्र ब्लेंड पेडल मिळते. फक्त जोडल्यावर खर्ज अधिकच पातळ झाला, तर आपल्या पेडलात आवाजाची लाट उलटी होत आहे असे समजावे आणि ब्लेंड पेडलावरची फेज उलटवण्याची कळ दाबावी.

प्रश्न: माझ्या बेसमध्ये बॅटरीवरचा प्रीअँप आहे. मग पेडलाची गरज आहे का? दोन्ही एकदम वापरले तर चालते का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: चालते, पण दोन ठिकाणी एकच गोष्ट वाढवू नये. बेसवर खर्ज ६ डेसिबल आणि पेडलावर पुन्हा ६ डेसिबल वाढवला, आणि दोन्ही नॉब एकाच फ्रिक्वेन्सीवर असले, तर त्या जागी १२ डेसिबल होतात, म्हणजे तेवढ्या भागासाठी अँप्लिफायरकडे सोळापट शक्ती मागितली जाते. ती कोणाकडेच नसते. पेडलाच्या इनपुटवर आवाज त्याआधीच फाटण्याची शक्यताही असते. वाद्यावरचे नॉब मध्यावर ठेवून सभागृहासाठी पेडल लावावे आणि गाण्यागणिक लागणारे छोटे बदल वाद्यावर करावेत. काही प्रीअँप, उदाहरणार्थ सॅडोस्कीचे, बेस आणि ट्रेबल फक्त वाढवतात, कमी करत नाहीत. तेथे नॉब शून्यावर म्हणजेच सपाट, हे लक्षात ठेवावे. जोरकस बेससाठी टोन हॅमरसारखे अठरा व्होल्टवर चालणारे पेडल अधिक मोकळे राहते.

प्रश्न: येथील मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत मंचावर एकही अँप्लिफायर नसतो, सगळे कानातल्या मॉनिटरवर ऐकतात. अँप्लिफायरवर छान वाटणारे माझे पेडल कानात करकरीत आणि कोरडे ऐकू येते. बिघाड आहे का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: बिघाड नाही, आपल्या साखळीतून स्पीकर गेला आहे. दहा इंची बेस स्पीकर चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचे बहुतेक सगळे गाळून टाकतो, आणि फाटलेल्या आवाजातली किरकिर नेमकी तेथेच असते. कानातले मॉनिटर काहीच गाळत नाहीत. म्हणून अशा मांडणीत पेडल निवडताना त्यात स्पीकरची नक्कल आहे की नाही, हा पहिला प्रश्न ठरतो. सॅन्सअँपमध्ये ती ब्लेंडच्या सर्किटातच मिसळलेली आहे, त्यामुळे ब्लेंड कमी केला की तीही कमी होते. बी७के अल्ट्राच्या नव्या आवृत्तीत कॅबिनेटचे इम्पल्स रिस्पॉन्स (स्पीकरच्या आवाजाचे डिजिटल ठसे) यूएसबीने भरता येतात आणि ते एक्सएलआर आउटपुटवर, म्हणजे मिक्सरकडे जाणाऱ्या तीन पिनांच्या जोडणीवर, लावता येतात. टोन हॅमर पेडलाच्या मूळ आवृत्तीत अशी सोय नाही; ते वापरायचे असल्यास ध्वनिसंयोजकाला मिक्सरवर ५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग उतरता ठेवायला सांगावे. स्वच्छ वाजवणाऱ्याला एवढे पुरते. गेन वाढवणाऱ्याला पुरत नाही.

त्यासोबत एक गोष्ट आधीच बोलून ठेवावी. अनेक ध्वनिसंयोजक बेसचा सिग्नल पेडलाच्या आधीचा मागतात, आणि त्यांची अडचण खरी असते: वादकाने मंचावर खर्ज फिरवला की बाहेरचा सगळा ताळमेळ बिघडतो. पण पेडल हाच आपला अँप्लिफायर असेल, तर पेडलाच्या आधीचा सिग्नल देणे म्हणजे आपला आवाज घरी ठेवून येणे. पेडलावर प्री (पेडलाआधीचा सिग्नल) आणि पोस्ट (पेडलानंतरचा) अशी कळ असल्यास पोस्ट ठेवावी आणि साउंड चेकनंतर नॉबला हात लावणार नाही, असा शब्द द्यावा.

प्रश्न: सॅन्सअँपसारखेच नॉब असलेले बेरिंजरचे बीडीआय२१ फार स्वस्त मिळते. घ्यावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: नॉबांची मांडणी तीच आहे, ड्राइव्ह, प्रेझेन्स, ब्लेंड, बेस, ट्रेबल आणि लेव्हल, आणि घडणही त्याच वळणाची: मधला पट्टा खाली, टोके वर. मिडचा नॉब नाही. पेटी प्लास्टिकची आहे, त्यामुळे मंचावर पायाखाली ठेवण्यापेक्षा घरी रेकॉर्डिंगसाठी आणि अशा प्रकारचा आवाज आपल्याला मुळात मानवतो का, हे शोधण्यासाठी ते योग्य आहे. मानवला नाही, तर महागडे पेडल न घेतल्याने पैसे वाचतील. मानवला, तर पुढचे पेडल मिडचा नॉब असलेलेच घ्यावे.

प्रश्न: गावच्या जत्रेत जनरेटरवर कार्यक्रम असला की पेडलातून सतत गुणगुण येते. इतरत्र येत नाही.
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: आपला अँप्लिफायर आणि मिक्सर वेगवेगळ्या जागी अर्थिंगला जोडलेले असणार आणि पेडलाच्या एक्सएलआर तारेतून ती दोन अर्थिंगे जोडली जात असणार. पेडलावर ग्राउंड लिफ्टची कळ असते, ती दाबावी. काही पेडलांत हीच कळ फँटम पॉवरशीही (मिक्सरकडून त्याच तारेतून येणाऱ्या विजेशीही) जोडलेली असते, त्यामुळे ती दाबल्यावर पेडल बंद पडले तर बॅटरी किंवा अडॅप्टर जोडावा. अँप्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय काही मंडळी सुचवतात; तो जिवावर बेतू शकतो, कदापि करू नये. कळ दाबूनही गुणगुण राहिली, तर अडॅप्टर काढून पेडल फक्त बॅटरीवर चालवून पाहावे. त्याने आवाज थांबला तर दोष अडॅप्टरचा आहे आणि प्रत्येक पेडलाला वेगळा, अलग केलेला पुरवठा देणारी पॉवर सप्लाय घ्यावी लागेल.